पीसीओएस आणि वनौषधी: पुडीपासून गोळीपर्यंत

विषय मोठा आहे, वेळ तासाभराचाच आहे, म्हणून प्रास्ताविक टाळते आणि थेट एका पाकिटापासून सुरुवात करते.

मघाशी आत येताना एका ताईंनी हे पाकीट माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "मॅडम, मुलीसाठी मागवलंय. पीसीओडी निघालंय तिला. देऊ का नको, एवढंच सांगा." पाकिटावर आठ वनस्पतींची नावं आहेत. 'शंभर टक्के नैसर्गिक' असं ठळक अक्षरात आहे. कुठली वनस्पती किती, तिचा कुठला भाग, त्यातलं कुठलं रसायन किती मिलिग्रॅम, याचा मात्र कुठेही पत्ता नाही. ताई, पाकीट इथे टेबलावर ठेवते. शेवटी त्याकडे परत येऊ.

पहिल्यांदा आजाराबद्दल, कारण नावानंच मोठा घोटाळा केलाय. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी सात बायकांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पाळी येत नाही, अंडाशय मोठे झालेत आणि त्यांवर बारीक बारीक पिशव्या दिसतायत. त्यावरून पुढे 'पॉलिसिस्टिक' हे नाव रुळलं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ते वाचलं की घरात रडारड सुरू होते, 'पोरीच्या पोटात गाठी झाल्या'. अहो, त्या गाठी नाहीत. दर महिन्याला अंडाशयात काही फॉलिकल, म्हणजे बीज धरणाऱ्या पिशव्या, वाढायला लागतात. त्यातली एक पुढे जाते, फुटते, बीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये त्या अर्ध्यावर थांबतात. शेतात उगवण झकास झाली, पण एकही ताट कणसावर आलं नाही, असं समजा. सोनोग्राफीत दिसतात ती ही थांबलेली रोपं.

म्हणूनच नुसत्या सोनोग्राफीवर निदान होत नाही. २००३ साली रॉटरडॅमला निकष ठरले. पाळी अनियमित किंवा बीज सुटत नाही. पुरुषी संप्रेरकं म्हणजे अँड्रोजन वाढलेली, रक्तात दिसणारी किंवा हनुवटीवरच्या केसांतून दिसणारी. आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. या तिनांपैकी दोन हवेत, आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे दुसरी कारणं नाहीत हेही बघायला हवं. नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींत तर पहिली आठ वर्षं सोनोग्राफीचा आधार घेऊच नका, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण त्या वयात निरोगी अंडाशयही तसेच दिसतात. हे मी मुद्दाम सांगतेय. पंधरा वर्षांच्या मुलीला आधी सोनोग्राफी, मग पुडी, असा प्रवास आपल्याकडे सर्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जननक्षम वयातल्या ८ ते १३ टक्के बायकांना हा विकार असतो आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंतच्या बायकांना तो असल्याचं माहीतच नसतं. म्हणजे एकीकडे नसलेल्याचं निदान आणि दुसरीकडे असलेल्याचा पत्ता नाही.

आता आतलं यंत्र कसं बिघडतं ते बघू. हे समजलं की पुढची सगळी रसायनं सोपी होतील.

पीसीओएस असलेल्या बऱ्याच बायकांत इन्शुलिनचं म्हणणं शरीर नीट ऐकत नाही. मग स्वादुपिंड आवाज वाढवतं, जास्त इन्शुलिन सोडतं. स्नायू बहिरे झालेले असतात, पण अंडाशयाला ते इन्शुलिन व्यवस्थित ऐकू येतं! तिथल्या थीका नावाच्या पेशी त्या आवाजानं जास्त अँड्रोजन बनवतात. शिवाय यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन बनवतं, जे रक्तात टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं. इन्शुलिन वाढलं की हे प्रथिन कमी होतं, म्हणजे मोकाट टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं. त्यामुळे फॉलिकलची वाढ थांबते, केस वाढतात, मुरुमं येतात. हे चक्र एकदा लागलं की स्वतःच स्वतःला फिरवत राहतं. मेंदूकडून येणाऱ्या एलएच या संप्रेरकाचाही यात वाटा आहे, पण त्यात आज शिरत नाही.

म्हणजे कुठल्याही वनस्पतीबद्दल कुणी दावा केला की आपण विचारायचं, ती या चक्रात नेमकी कुठे हात घालते? इन्शुलिनपाशी, अँड्रोजनच्या कारखान्यापाशी, की आणखी कुठे? 'हार्मोन बॅलन्स करते' हे उत्तर होत नाही. हार्मोन म्हणजे तराजूचं पारडं नव्हे.

गंमत अशी की पीसीओएसमध्ये इन्शुलिनसाठी जगभर सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी मुळात एका झुडपातून आली. मेटफॉर्मिन. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात मधुमेहासाठी असेल. युरोपात गलेगा ऑफिसिनालिस नावाचं निळसर-जांभळ्या फुलांचं शेंगवर्गीय झुडूप आहे. लघवी जास्त होणाऱ्यांना ते देण्याची तिकडे जुनी पद्धत होती. त्यात गॅलेजिन नावाचं द्रव्य सापडलं. ते साखर कमी करतं खरं, म्हणून १९२०च्या दशकात माणसांना देऊनही पाहिलं. पण त्याचा असर लवकर ओसरायचा आणि ते विषारी होतं. ज्या कुरणात हे झुडूप माजतं तिथे मेंढ्या विषबाधेनं मरतात, हे पशुवैद्यांना चांगलं माहीत आहे. रसायनशास्त्रज्ञांनी मग त्या रेणूचा गाभा घेऊन वेगळी रचना केली. १९२२ साली डब्लिनमध्ये मेटफॉर्मिन पहिल्यांदा बनलं. ते तीस-पस्तीस वर्षं पडून राहिलं. १९५७ साली फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहाच्या रुग्णांना दिल्याचे निकाल छापले. अमेरिकेत मंजुरी मिळायला १९९४ चा शेवट उजाडला, आणि त्याच वर्षी पीसीओएसमधल्या वापराचा पहिला अहवाल आला.

ही गोष्ट एवढ्या विस्तारानं सांगितली, कारण 'वनस्पती विरुद्ध गोळी' असं भांडण लावणाऱ्यांना मला हे झुडूप दाखवायचं असतं. यात वनस्पतीनं दिशा दाखवली आणि तिच्यातलं विष बाजूला काढायला माणसांना कित्येक वर्षं घासावं लागलं.

आता आपल्याकडे येऊ. दारुहळद. हिमालयात होणारं काटेरी झुडूप, मूळ आणि खोड आतून पिवळंधमक. हळदीशी त्याचं नातं रंगापुरतंच. तिच्या काढ्यापासून केलेलं रसांजन आपल्या वैद्यकात डोळ्यांसाठी फार जुनं आहे. तो पिवळेपणा बर्बेरिन नावाच्या द्रव्याचा. पीसीओएसमध्ये ज्या वनस्पती-द्रव्यांवर खरोखर दखल घेण्याजोगं काम झालंय, त्यात मी बर्बेरिन पहिल्या रांगेत ठेवीन.

त्याचं काम मेटफॉर्मिनसारखंच चालतं. पेशीतल्या ऊर्जेच्या भट्टीला, मायटोकॉन्ड्रियाला, ते जरा दाबतं. पेशीला वाटतं इंधन कमी पडतंय, मग एएमपीके नावाचा स्विच चालू होतो आणि साखर वापरली जायला लागते. २००८ साली चीनमधून टाइप २ मधुमेहावर एक छोटा अभ्यास आला, त्यात बर्बेरिनचा साखरेवरचा परिणाम मेटफॉर्मिनच्या जवळपास दिसला. तेव्हापासून समाजमाध्यमांवर याला 'नैसर्गिक मेटफॉर्मिन' म्हणायची पद्धत पडली. मेटफॉर्मिनच झुडपातून आलंय, हे म्हणणाऱ्यांना ठाऊक नसतं, ते सोडा.

पण ज्या बाईला मूल हवंय, तिला साखरेच्या आकड्याशी काय देणंघेणं? २०१६ साली चीनमध्येच पीसीओएसमुळे मूल न होणाऱ्या ६४४ बायकांवर चांगली, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी झाली. एका गटाला लेट्रोझोल, म्हणजे बीज सुटण्यासाठीची आजची पहिल्या पसंतीची गोळी. दुसऱ्याला बर्बेरिन. तिसऱ्याला दोन्ही. आणि मोजलं काय, तर हातात आलेलं जिवंत मूल. लेट्रोझोलच्या गटात ३६ टक्के, दोन्ही घेणाऱ्यांत ३४ टक्के, नुसत्या बर्बेरिनवर २२ टक्के.

हे आकडे जरा सावकाश बघा. बर्बेरिन जोडल्यानं लेट्रोझोलवर काडीची भर पडली नाही. आणि ते २२ टक्के? काही नाही म्हणायला ते खूप आहेत, पण या चाचणीत नुसत्या प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीचा गट नव्हता. त्यामुळे त्यातल्या किती जणींना तसंही मूल झालं असतं, हे या आकड्यावरून काढता येत नाही. पस्तिशीच्या बाईनं 'नैसर्गिक बघू' म्हणून वर्षभर नुसतं बर्बेरिन घेतलं, तर ते वर्ष तिला कोण परत देणार?

बर्बेरिनच्या दोन खोडी सांगते. एक, आतड्यातून ते एक टक्काही रक्तात जात नाही, म्हणून मोठा डोस लागतो, आणि पोट बिघडतं. दुसरी जास्त गंभीर. ते बिलिरुबिनला त्याच्या जागेवरून ढकलतं. नवजात बाळाची कावीळ त्यानं मेंदूपर्यंत जाऊ शकते, म्हणून गरोदरपणात आणि अंगावर पाजताना बर्बेरिन वर्ज्य. आता विचार करा, पीसीओएसवर हे घेणारी कोण? जिची पाळी तशीही तीन-तीन महिने येत नाही ती. औषध लागू पडलं, बीज सुटलं, दिवस गेले, तर तिला कळणार कधी? 'नेहमीसारखीच लांबली असेल' म्हणून ती पुढचे दोन महिने पुडी घेतच राहणार. हा धोका पीसीओएसच्या प्रत्येक औषधाला आहे, वनस्पतीचं असो की कारखान्याचं. फरक इतकाच की डॉक्टर गोळी देताना तो बोलून दाखवतात, पाकीट बोलत नाही.

आता स्वयंपाकघर. पुदिन्याचा चहा! यावर हमखास चिठ्ठी येते. तुर्कस्तानात इस्पार्ता भागात हे काम सुरू झालं. २००७ सालच्या पहिल्या अभ्यासात अंगावर जास्त केस असलेल्या २१ बायकांनी पाच दिवस पुदिन्याचा चहा घेतला आणि त्यांचं मोकाट टेस्टोस्टेरॉन कमी झालं. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये पीसीओएस असलेल्या बायकांवर तीस दिवसांची चाचणी झाली, दिवसाला दोन कप, दुसऱ्या गटाला वेगळा वनस्पतीचा चहा. टेस्टोस्टेरॉन पुन्हा खाली. बायकांना स्वतःला वाटलं की केस कमी झाले. पण तपासणाऱ्यांनी ठरलेल्या मोजपट्टीनं मोजलं तर केसांत फरक सापडला नाही.

मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. चेहऱ्यावरचा एक केस उगवून गळेपर्यंत महिने जातात. संप्रेरक आज कमी झालं तरी आधीच उगवलेला केस आपलं आयुष्य पुरं करतोच. केसांवरचं कुठलंही औषध सहा महिन्यांच्या आत जोखू नये, हा साधा नियम. तीस दिवसांची चाचणी मुळातच तोकडी होती. आणि तेव्हापासून मोठी, लांब चाचणी कुणी करायला हवी होती. पुदिन्यावर पेटंट मिळत नाही, मग पैसे कोण घालणार? मला विचाराल तर पुदिन्याचा चहा खुशाल प्या, छान लागतो. फक्त तो स्पिअरमिंट, म्हणजे आपला चटणीचा पुदिना असावा. पेपरमिंटवर हे काम झालेलं नाही.

जेष्ठमधाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे 'खुशाल' हा शब्द मी वापरणार नाही. इटलीतल्या पादुआच्या गटानं २००४ मध्ये नऊ निरोगी बायकांना रोज साडेतीन ग्रॅम जेष्ठमध दिलं. एका महिन्यात टेस्टोस्टेरॉन २७.८ वरून १९ वर आलं. अँड्रोजन बनवणाऱ्या विकरांना ते अडवतं. नऊच बायका, त्याही निरोगी, तरी परिणाम दिसण्याइतका. पण हेच जेष्ठमध मूत्रपिंडात दुसऱ्या एका विकरालाही अडवतं, ज्याचं काम कॉर्टिसॉलला तिथे लुडबूड करू न देणं हे असतं. तो पहारेकरी उठला की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत मजल जाते. पीसीओएसच्या बायकांत रक्तदाबाचा कल तसाही जास्त. खोकल्याला दोन दिवस काडी चघळणं वेगळं आणि सहा महिने रोज चमचाभर चूर्ण घेणं वेगळं.

दालचिनी आणि मेथीवर फार वेळ घालवत नाही. दालचिनीवर अमेरिकेत ४५ बायकांची प्लासिबोसह चाचणी झाली, २०१४ चा निकाल. पाळी थोडी नियमित झाली, इन्शुलिनमध्ये मात्र फरक नाही, आणि सहा महिने पूर्ण करणाऱ्या बायका निम्म्याहून कमी उरल्या. बाजारात आपण दालचिनी म्हणून आणतो ती बहुतेक वेळा जाड सालीची कॅसिया असते. तिच्यात कूमरिन जास्त असतं, रोज मोठ्या प्रमाणात घेतलं तर ते यकृताला जड जातं. खरी दालचिनी पातळ सालीची. आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' जात त्या खऱ्या दालचिनीची आहे. मेथीच्या अर्कावर २०१५ मध्ये आपल्याच देशातून ५० बायकांचा ९० दिवसांचा अभ्यास आला, आणि त्याचे आकडे जाहिरातींत सारखे दिसतात. त्यात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. पीसीओएसमध्ये पाळी कधी आपणहून येते, कधी वजन पाच टक्के उतरलं की येते, कधी 'आता अभ्यासात आहोत' म्हणून बाई नीट जेवायला-झोपायला लागते आणि येते. तुलनेचा गट नसेल तर श्रेय मेथीला द्यायचं की या बाकीच्यांना?

आता ज्यासाठी मी खरं तर हा विषय घेतला, तिथे येते.

जून २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या गटाचा शोधनिबंध आला. द्रव्य कुठलं, तर आर्टिमिसिनिन. मलेरियाचं औषध! यामागची गोष्ट अनेकांना माहीत असेल. चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात चिंगहाव नावाची वनस्पती तापावर कशी द्यावी ते लिहिलं होतं: पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. काढा करा असं म्हटलेलं नव्हतं. तू योयो या संशोधिकेला त्यावरून सुचलं की उकळल्यानं द्रव्य मरत असणार. तिनं कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला औषध हाती लागलं. २०१५ चं नोबेल तिला मिळालं. आपल्याकडे चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा याच आर्टिमिसिया प्रजातीतला. पण म्हणून दवणा आणून उकळू नका हो, आर्टिमिसिनिनची जात वेगळी, आर्टिमिसिया अ‍ॅन्युआ.

तर, फुदानच्या लोकांनी काय दाखवलं? मघाशी म्हटलं, थीका पेशी अँड्रोजन बनवतात. तो कारखाना कोलेस्टेरॉलपासून सुरू होतो आणि त्याची पहिली पायरी मायटोकॉन्ड्रियात सीवायपी११ए१ नावाचं विकर करतं. मायटोकॉन्ड्रियातच एलओएनपी१ नावाचं दुसरं प्रथिन असतं, ते तिथला भंगारवाला. निकामी प्रथिनं तोडून टाकणं हे त्याचं काम. आर्टिमिसिनिन जातीची द्रव्यं या भंगारवाल्याला त्या विकराशी नेऊन भिडवतात. तो ते विकर तोडतो. कारखान्याचं पहिलंच यंत्र बंद, म्हणजे पुढे अँड्रोजन कमी. उंदरांत हे दाखवून झाल्यावर पीसीओएस असलेल्या १९ बायकांना डायहायड्रोआर्टिमिसिनिन ४० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १२ आठवडे दिलं. टेस्टोस्टेरॉन उतरलं, एएमएच उतरलं, आणि १९ पैकी १२ जणींची पाळी नियमित झाली.

मला हे वाचून आनंद झाला, लपवत नाही. आजवर आपण इन्शुलिन दाबत होतो, पाळीच्या गोळ्यांनी अंडाशय झोपवत होतो, अँड्रोजनला त्याच्या जागेवर बसू देत नव्हतो. अंडाशयातल्या कारखान्यातच जाऊन असा हात घालणं नवीन आहे. पण १९ बायका, आणि इथेही तुलनेचा गट नाही. मेथीला जो नियम लावला तोच इथे लावायला हवा, नियतकालिक कितीही मोठं असो.

आणि एक गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी. आर्टिमिसिनिन हे मलेरियावरचं आपलं सगळ्यात भरवशाचं हत्यार आहे. आपल्याच गडचिरोलीत मलेरिया अजून माणसं मारतो. हे औषध एकटं, अर्धवट, वेळीअवेळी घेतलं गेलं की परजीवी त्याला सरावतो. मेकाँग नदीच्या खोऱ्यात ते झालंय. म्हणून तोंडानं घ्यायचं आर्टिमिसिनिन एकटं विकायला भारतात बंदी आहे, ते दुसऱ्या औषधाबरोबरच देतात. उद्या पीसीओएससाठी लाखो बायका हे महिनोन्महिने एकटंच घ्यायला लागल्या, आणि त्यातल्या काही मलेरियाच्या पट्ट्यातल्या असल्या, तर? शहरातल्या मुलीच्या पाळीची किंमत एटापल्लीतल्या मुलीनं तापात मोजायची का? माझं उत्तर असं की या द्रव्याला धरून मलेरियाच्या परजीवीला न छेडणारा भाऊबंद शोधावा, गॅलेजिनवरून मेटफॉर्मिन शोधला तसा. भंगारवाल्याला विकराशी भिडवण्याचा गुण ठेवायचा, मलेरिया मारण्याचा काढायचा. ते सोपं नाही, पण रस्ता तोच आहे.

आता पाकिटाकडे. आठ वनस्पतींत पहिलं नाव आहे अशोक. तुमच्या सोसायटीच्या कुंपणाला रांगेनं उभा, सरळसोट, लांब पानांचा, त्यालाच आपण सगळे अशोक म्हणतो ना? तो औषधी अशोक नव्हे. खरा तो सीताअशोक, केशरी-लाल फुलांचे गुच्छ येणारा. तो जंगलात इतका कमी झालाय की धोक्यात असलेल्यांच्या यादीत आहे. आणि बाजारात त्याच्या सालीच्या नावाखाली कुंपणातल्या अशोकाची साल खपवली जाते, हे वनस्पतिशास्त्रात वारंवार नोंदलं गेलंय. दारुहळदीचंही तेच. तिच्या जागी दक्षिणेतली एक वेल येते, तीही पिवळी, तीही दुर्मिळ. चूर्ण झाल्यावर डोळ्यांनी ओळखणार कसं?

दुसरं नाव गुळवेल. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद छापली. कोविडच्या दिवसांत गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. त्यातल्या काहींना स्वयंप्रतिकारक आजार होते, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटण्याचे. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असेल. वाद बाजूला ठेवा. ती गुळवेल असेल तर यकृताचा प्रश्न, नसेल तर ओळखीचा प्रश्न. घेणाऱ्याला दोन्हीत सारखंच. आणि पीसीओएस असलेल्या बायकांत स्वयंप्रतिकारक थायरॉइडचं प्रमाण जास्त असतं, म्हणून हे इथे सांगावंसं वाटलं.

प्रश्न घेऊ या.

प्रश्न: तुम्ही आयुर्वेदाच्या विरोधात बोलताय का?

नाही. नीट शिकलेले वैद्य नाडी बघतात, वजन, जेवण, झोप विचारतात, एकाला दिलेलं दुसऱ्याला देत नाहीत. हे पाकीट त्यांनी दिलेलं नाही, फोनवरच्या जाहिरातीनं दिलंय. २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी अमेरिकेत छापून आली होती. पाचातल्या जवळपास एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. माझं भांडण त्या पाचव्याशी आहे.

प्रश्न: इनोसिटॉलची पावडर डॉक्टरच देतात. ती तर वनस्पतीचीच ना?

धान्य-कडधान्यांत इनोसिटॉल असतं, बरोबर. इन्शुलिनचा निरोप पेशीत पोचवायला ते उपयोगी पडतं. १९९९ मध्ये त्याच्याच एका प्रकारावर छोटी चाचणी गाजली होती, २२ पैकी १९ जणींचं बीज सुटलं, प्लासिबोवर २२ पैकी सहा. पुढच्या कामात ती चमक तशीच टिकली नाही. २०२३ ची आंतरराष्ट्रीय तत्त्वं म्हणतात, बाईची इच्छा असेल तर द्या, अपाय कमी आहे, पुरावा मर्यादित आहे. डॉक्टर देतात ते चूक नाही. महिन्याचा खर्च झेपत नसेल तर बंद केल्यानं आभाळ कोसळणार नाही, हेही त्यांना विचारून घ्या.

प्रश्न: मग माझ्या मुलीला देऊ का नको?

ताई, आधी मला सांगा, मुलीचं वय काय? तेवीस. आणि शेवटची पाळी कधी आली? पाच महिने झाले. बरं.

मग पुडीचा प्रश्न आज बाजूला ठेवा. पाळी येत नाही तेव्हा गर्भाशयाचं अस्तर आत साठत जातं, झडत नाही. तीन महिन्यांच्या वर असं वारंवार राहिलं तर त्या अस्तरात नको ते बदल होऊ शकतात, पुढे कर्करोगाचाही धोका वाढतो. पुडी पाळी आणेल की नाही याची वाट बघण्यात आणखी तीन महिने घालवू नका. याच आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. डॉक्टर आधी दिवस गेलेत का हे तपासतील, त्याचा राग मानू नका, ते विचारायलाच हवं. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, साखरेची ग्लुकोज पिऊन करायची तपासणी, आणि रक्तदाब. पाळी आणण्यासाठी बहुधा थोड्या दिवसांच्या गोळ्या देतील. आणि हे पाकीट पिशवीत घालून सोबत न्या. किती दिवस दिलंय ते सांगा. दिलंच नसेल तर उत्तम, पण तिनं स्वतःहून सुरू केलंय का, हे तिला एकटीला विचारू द्या.